२०६ दाते, ७ दाते आणि हायगेन्स

बारावीच्या फिजिक्समधलं हायगेन्सचं तत्त्व आठवतंय का? तरंगमुखावरचा प्रत्येक बिंदू नव्या तरंगाचा स्रोत असतो, वगैरे. आकृती काढायची, व्याख्या लिहायची, मार्क घ्यायचे आणि विसरून जायचं. मी सायन्स सोडून मास कॉमला आले तेव्हा या माणसाला कायमचा टाटा केला होता. तो मला परत भेटला एका रिमोटच्या गाडीमुळे.

माझी रूममेट मेकॅनिकलला आहे. तिच्या टीमची एक रेडिओ-कंट्रोल इलेक्ट्रिक कार आहे, खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची. टेक फेस्टच्या आठवडाभर आधी टीमला वाटलं की स्पीड कमी पडतोय. म्हणून मोटरवरचा छोटा गिअर काढून जरा मोठा लावला. गाडी सुसाट निघाली. सगळे ओरडायला लागले. चौथ्या राउंडला जळका वास आला आणि गाडी बास्केटबॉल कोर्टाच्या मधोमध थांबली. मी व्हिडिओ शूट करत होते, त्यामुळे सगळ्यांचे चेहरे कसे पडले तेही रेकॉर्ड झालंय. वर्गणी काढून घेतलेली मोटर होती हो.

चूक काय झाली ते सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे. मोटरच्या दांड्यावर बसतो तो छोटा गिअर म्हणजे पिनियन. त्याला लागून फिरतो तो मोठा, स्पर. मोठ्याचे दाते भागिले छोट्याचे दाते, हा झाला गिअर रेशो. पिनियन मोठा लावला की मोटरच्या एका फेरीत चाकं जास्त फिरतात, म्हणून टॉप स्पीड वाढतो. पण तेवढंच ओझं आता मोटरला कमी फेऱ्यांत ओढायचं असतं. ती जास्त करंट खेचते, आणि करंट दुप्पट झाला की वायंडिंगमधली उष्णता चौपट होते. पिनियन छोटा लावला तर मोटर थंड राहते, गाडी जागेवरून झपकन उचलते, पण सरळ ट्रॅकवर मागे पडते.

टीमच्या स्परला ८७ दाते होते आणि आतल्या गिअरबॉक्सचा रेशो २.६. पिनियन लावला २५ दात्यांचा. ८७ भागिले २५ गुणिले २.६, म्हणजे साधारण ९.०५. मोटरबरोबर आलेल्या कागदावर लिहिलं होतं, ११.५ च्या आसपास ठेवा. तो कागद कुणी वाचला नव्हता. (तुमच्या टीमनं वाचला असेल तर अभिनंदन.)

नवी मोटर आली. आता ११.५ आणायचं ठरलं. पिनियन २० चा घेतला तर येतात ११.३१. १९ चा घेतला तर ११.९१. आणि साडेएकोणीस दात्यांचा गिअर जगात कुठेच मिळत नाही. दाते पूर्णांकातच असतात. हव्या त्या गुणोत्तराच्या जवळ जायचं, पण हाताशी असलेल्या पूर्ण दात्यांतून, हा तो तिढा. रूममेट रात्री कॅल्क्युलेटर घेऊन बसली, मी तिला सोबत म्हणून इंटरनेटवर शोधत बसले, आणि एकदम हे नाव समोर आलं. ख्रिस्तियान हायगेन्स. म्हटलं, तू इथे काय करतोयस?

हा मनुष्य १६२९ साली नेदरलँड्समधल्या हेगला जन्मला. घर एकदम वजनदार. वडील कॉन्स्टँटाइन कवी, संगीतकार आणि ऑरेंजच्या राजघराण्याचे सचिव. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांत देकार्त. होय, तोच देकार्त, ज्याच्या नावाचा ग्राफ पेपर आपण भरतो. ख्रिस्तियान आठ वर्षांचा असताना आई गेली. मुलांचं शिक्षण घरीच, वडिलांनी आखलेलं: भाषा, संगीत, गणित, तर्कशास्त्र. याला मात्र नाद होता पवनचक्क्यांचे आणि यंत्रांचे छोटे नमुने बनवायचा. मुलानं आपल्यासारखं राजनैतिक खात्यात जावं म्हणून वडिलांनी त्याला लायडनला कायदा शिकायला पाठवलं. तिथे तो कायद्याच्या जोडीला गणितही शिकला. पुढे एका राजनैतिक शिष्टमंडळाबरोबर डेन्मार्कलाही जाऊन आला. मग मात्र घरी बसला आणि भिंगं घासायला लागला. आपल्याकडे यावर कसली चर्चा झाली असती ते तुम्हीच ठरवा. त्याच्या वडिलांनी खर्च चालू ठेवला.

भाऊ आणि तो, दोघं मिळून दुर्बिणीची भिंगं स्वतः घासायचे. त्यातल्याच एका दुर्बिणीतून मार्च १६५५ मध्ये त्याला शनीचा एक चंद्र दिसला. आज आपण त्याला टायटन म्हणतो. हायगेन्स तेव्हा सव्वीस वर्षांचाही नव्हता. गॅलिलिओला १६१० मध्ये शनीच्या दोन्ही बाजूंना काहीतरी कानांसारखं दिसलं होतं आणि ते नक्की काय आहे हे पन्नास वर्षं कुणाला उमगत नव्हतं. हायगेन्सनं सांगितलं की ते सपाट कडं आहे, शनीला कुठेही न चिकटलेलं. हे उत्तर त्यानं आधी अक्षरं उलटसुलट करून कोड्यात लपवलं, आणि नीट पुस्तक काढलं १६५९ मध्ये. लपवण्यामागचा हेतू असा की शोध आपल्या नावावर राहावा, पण पूर्ण खात्री होईपर्यंत उघडही होऊ नये. ही सवय लक्षात ठेवा.

मधल्या काळात, १६५६ च्या डिसेंबरात, त्यानं घड्याळाला लंबक जोडला. त्याआधीची घड्याळं दिवसाला पंधरा-पंधरा मिनिटं चुकायची. लंबकानं ही चूक सेकंदांवर आणली. हेगमधल्या सालोमोन कॉस्टर या घड्याळजीनं ती घड्याळं बनवली, १६५७ मध्ये त्याचा हक्कही मिळवला. पण हायगेन्सचं मन भरेना. लंबकाचा झोका मोठा झाला की वेळ किंचित बदलते, हे त्याला टोचत होतं. झोका लहान असो वा मोठा, वेळ अगदी सारखी हवी, तर लंबकानं कुठल्या वक्रावरून जायला हवं? त्यानं शोधून काढलं: सायक्लॉइड. म्हणजे सायकलच्या टायरला चिकटलेला खडा चाक फिरताना हवेत जी कमान काढतो, ती कमान उलटी केलेली.

इथेच एक गंमत आहे. लंबकाला त्या वाटेवर ठेवण्यासाठी त्यानं वक्रावरून उलगडणाऱ्या दोऱ्याचा अभ्यास केला. रिळाचा दोरा ताणून धरा आणि उलगडत जा. दोऱ्याचं टोक जी रेघ काढतं तिला इन्व्हॉल्यूट म्हणतात. हे गणित त्यानं १६७३ च्या घड्याळांवरच्या मोठ्या ग्रंथात मांडलं. पुढच्या शतकात ऑयलर या गणितज्ञानं दाखवलं की गिअरच्या दात्याला हाच आकार दिला तर फिरणं एकसारखं होतं, मधे धक्के बसत नाहीत. रूममेटच्या त्या पिनियनच्या दात्यांची कड याच आकाराची आहे. हायगेन्सला स्वतःला हा उपयोग सुचलेला नव्हता.

तोपर्यंत तो पॅरिसला पोचला होता. चौदाव्या लुईचा मंत्री कोलबेर यानं विज्ञान अकादमी काढली आणि १६६६ मध्ये हायगेन्सला भरघोस पगारावर बोलावलं. राहायला राजाच्या ग्रंथालयात जागा. वय सदतीस. युरोपातली बहुधा सगळ्यात भारी सायन्सची नोकरी. लायब्निझ नावाचा एक तरुण जर्मन वकील १६७२ मध्ये त्याच्याकडे आला, गणित शिकायला. त्यानं पुढे कॅल्क्युलस शोधलं, म्हणजे आपल्या एफवायच्या केट्यांचं मूळ एका अर्थानं याच दारात आहे.

पण त्याच १६७२ मध्ये लुईनं नेदरलँड्सवर हल्ला केला. विचार करून बघा: तुम्ही ज्याचा पगार घेताय तो राजा तुमच्या गावाकडे फौज घेऊन निघालाय, आणि तुमचे वडील आणि भाऊ समोरच्या राजपुत्राच्या चाकरीत आहेत. हायगेन्स पॅरिसमध्येच राहिला. पुढच्या वर्षी आलेला तो घड्याळांचा ग्रंथ त्यानं लुईलाच अर्पण केला. मायदेशात हे कुणाला रुचलं नाही. मला स्वतःला यावर नक्की काय वाटतं ते अजून ठरवता आलेलं नाही. नोकरी सोडली असती तर ग्रंथ झाला असता का, हाही प्रश्न आहेच.

शरीर मात्र साथ देत नव्हतं. १६७० मध्ये तो इतका आजारी पडला की जगेल असं वाटत नव्हतं. घरी गेला, बरा झाला, परतला. १६७६ मध्ये पुन्हा तेच. डोकं दुखणं, झोप नाही, आणि ज्याला आज आपण डिप्रेशन म्हणू तसं काहीतरी. त्या काळी त्याला उदासीचा रोग म्हणायचे. १६८१ मध्ये तिसऱ्यांदा तो हेगला गेला.

या शेवटच्या मुक्कामातच ते यंत्र झालं, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहितेय.

अकादमीसाठी त्याला एक ग्रहमाला बनवायची होती. अष्टकोनी पेटी, समोर तांब्याचा पत्रा, मध्ये सूर्य, भोवती तेव्हा माहीत असलेले सहा ग्रह, आणि आत घड्याळाची स्प्रिंग. सगळे ग्रह आपापल्या खऱ्या वेगानं फिरायला हवेत. आत एक लांब दांडा वर्षात एक फेरी घेतो, त्यावर छोटी दातेरी चाकं, आणि प्रत्येक छोटं चाक एकेका ग्रहाचं मोठं कडं फिरवतं. पिनियन आणि स्परच की! फक्त मोटर वर्षाला एक फेरी मारणारी.

आता शनी घ्या. हायगेन्सच्या हिशेबात ३६५ दिवसांत पृथ्वी आणि शनी जितका कोन फिरतात त्यांचं गुणोत्तर होतं ७७७०८४३१ ला २६४०८५८. हे बरोब्बर हवं असेल तर मोठ्या कड्याला सात कोटी सत्त्याहत्तर लाखांवर दाते पाडा. एका दात्याला एक मिलिमीटर दिलात तरी कड्याचा परीघ ७७ किलोमीटर. पेटी भिंतीवर टांगायची होती.

दुसरा मार्ग म्हणजे आकडे अंदाजे गोल करा. ३०:१ म्हणा आणि सोडून द्या. पण शनी दरवर्षी थोडा थोडा मागे पडत जाणार, आणि दहा-वीस वर्षांत यंत्रातला शनी एकीकडे आणि आकाशातला दुसरीकडे.

हायगेन्सनं केलं काय, तर शाळेत आपण मसावि काढायला जी भागाकाराची पद्धत वापरतो ना, ती. मोठ्याला लहानानं भागा, उरलेल्या बाकीनं लहानाला भागा, पुन्हा बाकीनं बाकीला. करून बघा, कॅल्क्युलेटर चालेल. भागाकार येतात २९, मग २, मग २, मग १, मग ५, आणि असेच पुढे. हे आकडे एकाखाली एक रचले की पायऱ्या-पायऱ्यांचा अपूर्णांक तयार होतो. गणितवाले त्याला कंटिन्यूड फ्रॅक्शन म्हणतात. तो जिथे तोडाल तिथे एक साधा अपूर्णांक मिळतो. पहिल्या पायरीवर २९. दुसरीवर ५९/२. मग १४७/५. मग २०६/७. त्यानंतर एकदम ११७७/४०.

या अपूर्णांकांची खासियत अशी की प्रत्येक जण आपल्या मापात सर्वोत्तम असतो. छेद ७ किंवा त्याहून लहान ठेवायचा असेल, तर खऱ्या गुणोत्तराच्या २०६/७ पेक्षा जवळ जाणारा अपूर्णांक अस्तित्वातच नाही. म्हणजे चाचपडायचं कामच नाही. ट्रेमधले पिनियन एकेक करून लावून बघण्याच्या जागी एक यादी हातात येते, आणि त्यातून आपल्या पेटीत काय मावतं तेवढं निवडायचं. ११७७ दात्यांचं कडं कोण घासणार? हायगेन्सनं २०६ आणि ७ घेतले. खरं गुणोत्तर २९.४२५४, हे २९.४२८६. चूक साधारण नऊ हजारांत एक. शंभर वर्षं यंत्र चाललं तर शनी एका अंशाच्या जेमतेम आठव्या भागानं हुकेल.

मला यात सगळ्यात आवडलं ते हे की चूक किती, हे त्याला आधीच माहीत होतं. त्यानं ती मोजली, परवडते म्हणून ठरवलं आणि दाते पाडायला दिले. हेगच्या योहानेस फान क्युलेन या कारागिरानं १६८२ मध्ये ते यंत्र पूर्ण केलं.

आणि हाच माणूस आपल्या लिखाणाच्या बाबतीत नेमका उलटा. दोन चेंडू एकमेकांवर आदळले की काय होतं, याचे नियम त्यानं तरुणपणीच काढून ठेवले होते. गोल फिरणाऱ्या वस्तूवरच्या बलाचं गणित १६५९ मध्ये केलं होतं. भिंगांवरचं पुस्तक आयुष्यभर लिहीत होता. प्रकाश तरंग आहे हे अकादमीत १६७९ ला वाचून दाखवलं, छापलं १६९० मध्ये. बाकीचं बरंचसं त्याच्या हयातीत नीट छापलंच गेलं नाही. अजून थोडं नीट करू, अजून एकदा तपासू. असाइनमेंट रात्री बारापर्यंत धरून बसणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. मला वाटलं. नऊ हजारांत एक चूक त्याला पितळेत चालली, कागदावर चालली नाही. मधल्या काळात इतरांनी तेच शोध लावले आणि मग भांडणं झाली. घड्याळातल्या नाजूक सर्पिल स्प्रिंगवरून १६७५ मध्ये इंग्लंडच्या रॉबर्ट हूकशी झालेला वाद तर कुप्रसिद्ध आहे.

यंत्र तयार झालं, पण पॅरिसला गेलं नाही. १६८३ मध्ये कोलबेर वारला. त्याच्या जागी आलेल्यांना या आजारी, प्रोटेस्टंट, डच माणसात रस नव्हता. १६८५ मध्ये लुईनं प्रोटेस्टंटांना दिलेलं संरक्षणच काढून घेतलं. परतीचा विषय संपला. ग्रहमाला हॉलंडमध्येच राहिली.

वडील १६८७ मध्ये गेले, नव्वदीत. भाऊ नव्या राजाबरोबर लंडनला गेला. ख्रिस्तियान हेगजवळच्या व्होरबुर्गमध्ये, वडिलांनी बांधलेल्या पाण्यातल्या छोट्या घरात राहू लागला. लग्न केलेलं नव्हतं. बोलायला जवळपास कुणी नाही, लायब्निझशी पत्रं तेवढी चालू. १६८९ मध्ये लंडनला जाऊन न्यूटनला भेटला. न्यूटनचं गणित त्याला थोर वाटलं, पण मधे काहीच नसताना दोन वस्तू एकमेकींना ओढतात हे काही पटलं नाही. समुद्रावर वेळ दाखवेल असं घड्याळ करायचा नाद शेवटपर्यंत होता. १६८६ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरून त्याची घड्याळं केप ऑफ गुड होपपर्यंत जाऊनही आली. पण बोट डोलली की लंबक बिथरतो, आणि तो प्रश्न त्याच्याकडून सुटला नाही.

८ जुलै १६९५ रोजी तो हेगमध्ये वारला. शेवटचे महिने फार वाईट गेले. ग्रहमालेचे दाते कसे निवडले, हे सांगणारं लिखाणही कपाटातच होतं. ते छापून आलं १७०३ मध्ये, चेंडूंच्या आणि भिंगांच्या पुस्तकांबरोबर. लिहिणारा जाऊन आठ वर्षं झाली होती. यंत्र आज लायडनच्या बूरहाव संग्रहालयात आहे.

रूममेटला मी हे सगळं रात्री दीड वाजता सांगितलं. तिनं ११.५ भागिले २.६ केलं, म्हणजे ११५/२६, आणि भागाकार मांडले: ४, २, २, १, ३. पायऱ्या आल्या ४, ९/२, २२/५, ३१/७. २२/५ म्हणजे २० ला ८८ दाते. ३१/७ म्हणजे २१ ला ९३. दोन्ही स्पर त्यांच्याकडे नव्हते. होते ८१, ८४ आणि ८७ चे. मग दोन पायऱ्यांच्या मधलं काही मिळतंय का बघताना तिनं ३१ ची दुप्पट केली आणि त्यात २२ मिळवले: ८४. खाली ७ ची दुप्पट अधिक ५: १९. म्हणजे ८४ ला १९, रेशो ११.४९. शिवाय १९ मूळ संख्या, ८४ ला तिनं भाग जात नाही, त्यामुळे प्रत्येक दाता आलटून पालटून समोरच्या प्रत्येक दात्याला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. हायगेन्सच्या ७ आणि २०६ चंही तसंच आहे.

खरं सांगायचं तर गाडीत ११.४९ आणि ११.५ यातला फरक कुणाच्या बापाला कळणार नाही. ११.३१ ही चालला असता. तिथे मोटर किती तापते तेच शेवटी बघावं लागतं, कारण ट्रॅक, टायर, वजन, ऊन, सगळं त्यात येतं. शनीची चूक वर्षानुवर्षं साठत जाते. मोटरची उष्णता मिनिटा-मिनिटाला साठते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन गिअरच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी धरून मोटर घट्ट केली, म्हणजे दात्यांत बरोबर तेवढी फट राहते, आणि पट्टी काढून घेतली. गाडी तीन मिनिटं पळवली. सगळे जमिनीवर बसले, कुणीतरी मोटरवर टेम्परेचर गन धरली. अठ्ठावन्न. रूममेटनं वहीत आकडा लिहिला आणि म्हणाली की आता चार मिनिटं पळवून बघू.